ओळंबेकाका

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे त्यांचे खरे आडनाव सांगण्याची मला सोय नाही. आणि सांगितले असते तरी त्याचा उपयोग झाला नसता, कारण पुण्यात नदीपलीकडच्या वसाहतींतून गेल्या तीस वर्षांत ज्या ज्या कुटुंबाने घर घेतले, घेण्याचे योजिले, किंवा घेऊन पश्चात्ताप केला, त्या सर्वांस ते ‘ओळंबेकाका’ याच नावाने परिचित आहेत. जुन्या काळच्या वृद्धांनी कनवटीची चंची सोडावी तितक्या सहजतेने हे गृहस्थ खिशातून पितळी ओळंबा काढतात, परक्याच्या भिंतीशी त्याची दोरी धरतात, एक डोळा मिटतात आणि घरातील सर्व मंडळी श्वास रोधून उभी असता एवढेच म्हणतात, “पाव इंच.” भिंत कोणत्या बाजूस पाव इंच कलली आहे, आणि कलली असल्यास पुढे काय करावयाचे, हे विचारण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही.

त्यांचा सल्ला विचारावा लागत नाही. घर घेण्याचा संकल्प आपल्या मनात पक्का होण्यापूर्वीच तो, वाणी, इस्त्रीवाला आणि दूधवाला या त्रिस्थळी यात्रेने, त्यांच्या कानी पोहोचलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, आपण दाढीचा साबण फासून आरशापुढे उभे असताना, दारात उभे राहून ते प्रश्न करतात, “चटई किती?” हा प्रश्न सतरंजीच्या व्यापाऱ्याचा नसून चटईक्षेत्राचा आहे, हे ध्यानात येईपर्यंत ते आत येऊन बसलेलेही असतात.

पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांची उभी हयात गेली. तेथे एका हाताने भूसंपादनाची प्रकरणे आणि दुसऱ्या हाताने सिमेंटच्या पोत्यांचे हिशेब हाताळल्यामुळे दस्तऐवज आणि काँक्रीट या दोन्ही पदार्थांत त्यांची सारखीच गती झाली. परिणामी वकिलांना ते इंजिनिअर वाटतात, इंजिनिअरांना वकील वाटतात, आणि दोघांनाही ते नकोसे वाटतात.

त्यांच्या खांद्याच्या कापडी पिशवीत ओळंब्याखेरीज एक मोजपट्टी, एक पाणसळ, विजेचा टेस्टर, होकायंत्र, एक जाड जुना रुपया आणि मुलांच्या खेळातली काचेची गोटी असते. यांपैकी रुपयाने ते फरशा वाजवून पाहतात. खालचा माल नीट न भरलेली फरशी पोकळ आवाज देते आणि तो आवाज आला की काकांच्या मुद्रेवर, एखाद्या वैद्यास नाडीत अपेक्षित दोष सापडावा, तशी प्रसन्नता उमटते. गोटी न्हाणीघरासाठी असते. ती दाराशी ठेवून सोडली असता कोपऱ्यातल्या जाळीकडे गेली तर घर उत्तम, उंबऱ्याकडे आली तर, काकांच्या शब्दांत, “यापुढे रोज सकाळी तुम्ही दिवाणखान्यात स्नान कराल.” होकायंत्राचा मात्र वास्तुशास्त्राशी संबंध नाही. पश्चिमेच्या भिंतीस खोली असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ती रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली राहते, यापलीकडे दिशांचे दुसरे कोणतेही माहात्म्य ते मानीत नाहीत. एका वास्तुतज्ज्ञाने ‘शौचालय ईशान्येस आल्यामुळे दोष आहे’ असे सांगितले, तेव्हा काकांनी गोटी सोडून दाखविली आणि म्हटले, “उतार असा आहे की ते थोड्याच दिवसांत सर्व दिशांना येईल.”

मी घर घ्यावयाचे ठरविले तेव्हा नमुना सदनिका पाहण्यास काका आमच्याबरोबर आले, म्हणजे रिक्षात आधीच बसलेले आढळले. ती सदनिका अत्तर शिंपडलेली, थंडगार आणि इतकी मनोहर होती की माझ्या पत्नीने दिवाणखान्यातच मनाने दिवाळीचे कंदील लावून टाकले. एक विनयशील तरुणी आम्हांस सरबत देत होती. इतक्यात काका दिसेनासे झाले म्हणून शोध केला तो ते शयनगृहात, वहाणा बाजूस काढून, तेथल्या गुलाबी पलंगावर उताणे निजलेले दिसले. आणि पाच फूट सात इंच उंचीच्या त्या देहाची दोन्ही पावले पलंगाबाहेर अधांतरी लोंबत होती.

“आजोबा, तो बेड फक्त डेकोरेशनसाठी आहे,” ती तरुणी कावरीबावरी होऊन म्हणाली.

“मग खोलीही त्यासाठीच असावी,” काका निजल्या निजल्या उत्तरले. “खाट सव्वापाच फुटी आहे. सहा फुटी आणलीत की कपाट उघडणार नाही. आणि बाई, या घराला दारे कोठे आहेत?”

तेव्हा आम्ही प्रथमच पाहिले. चौकटी होत्या, त्यांवर नक्षी होती, परंतु संपूर्ण घरास एकही फळी नव्हती. कारण फळी लावली असती तर ती कोठे तरी उघडावी लागली असती, आणि ती उघडण्यास लागणारी अडीच फूट जागा त्या घरात नव्हती. समोरच्या भिंतीवर जो भव्य आरसा होता तो खोली दुप्पट दाखविण्याचे काम इमानाने करीत होता. पत्नीच्या मनातील कंदील एकेक करून विझत गेले. आणि परतताना रिक्षात, काका ऐकतील अशा बेताने, तिने मला सांगितले की या गृहस्थांना पुन्हा बरोबर आणणार असाल तर मी येणार नाही. काकांनी ते ऐकले, परंतु त्यांचे सारे लक्ष रस्त्याच्या कडेच्या एका अर्धवट इमारतीकडे होते, जेथे त्यांच्या मते स्लॅबवर पुरेसे पाणी मारलेले नव्हते.

१ मे हा दिवस इतर मराठी माणसे महाराष्ट्र दिन म्हणून पाळतात. काका त्यास आणखी एक कारण देतात. २०१६ सालचा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, त्यातील मुख्य कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली आणि चटईक्षेत्र म्हणजे काय याची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात छापून आली. तत्पूर्वी जिना, लिफ्ट, गच्ची आणि रखवालदाराची खुर्ची या सर्वांचा वाटा प्रत्येकाच्या घरात मिळवून ‘सुपर बिल्टअप’ नावाचे जे मायावी क्षेत्रफळ विकले जाई, त्याविषयी काका आजही एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाने पारतंत्र्याविषयी बोलावे तसे बोलतात. व्याख्येवरही त्यांचा एक आक्षेप आहेच. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळली हे यथायोग्य, पण आतल्या आडभिंतींची जाडी चटईत धरली आहे, “तेव्हा तेवढी चटई तुम्हांस उभी टांगावी लागेल.”

माझ्याकडून मात्र एक प्रमाद घडून चुकला होता. दुसऱ्या एका ठिकाणी घर पसंत पडताच, काकांना चुकवून, मी किमतीचा पाचवा हिस्सा धनादेशाने भरून आलो आणि बदल्यात एक रंगीत पावती घेऊन आलो. ती पाहून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि मृत व्यक्तीविषयी बोलावे अशा स्वरात सांगितले की करारनामा रीतसर नोंदविल्याखेरीज १० टक्क्यांहून एक पैसाही अधिक घेण्याचा अधिकार त्या मनुष्यास नाही, आणि देण्याची अक्कल तुम्हांस नाही. पुढील तीन आठवडे ते मजबरोबर त्या कचेरीत येऊन बसत राहिले. ते भांडत नसत; केवळ बसत, आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास नम्रपणे विचारीत, “चटई किती?” चौथ्या आठवड्यात करारनामा नोंदवून मिळाला.

सातबारा वाचावा तर काकांनीच. सामान्य माणूस मालकाचे नाव वाचतो, समाधान पावतो आणि कागदाची घडी घालतो; काका नावाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांची दृष्टी प्रथम जाते ती ‘इतर हक्क’ या रकान्याकडे, जेथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, बहिणीचा हिस्सा आणि सामाईक विहिरीतील पाण्याची पाळी, अशी सारी भुते एकत्र नांदत असतात. त्यानंतर ते एकामागून एक फेरफार मागवितात आणि तीस वर्षे मागे जातात. आमच्या एका स्नेह्याने शहराबाहेर दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, जागा स्वस्तात घेतली व नोटरीच्या तांबड्या शिक्क्याचा कागद अभिमानाने दाखविला, तेव्हा काकांनी तो उजेडात धरून न्याहाळला. “या शिक्क्याने इतकेच ठरते,” ते म्हणाले, “की सही तुमचीच आहे. जमीन कोणाची, हे अद्याप ठरायचे आहे.” स्नेही तेव्हापासून काकांशी बोलत नाहीत, तहसील कचेरीत मात्र दोघांची गाठ अधूनमधून पडते.

त्यांच्या साऱ्या कठोरपणात एकच विषय असा आहे की ज्यावर ते विनोद करीत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि नारायण पेठेतील ज्या वाड्यात त्यांचे बिऱ्हाड होते त्याच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळताना त्यांनी शेजारच्या माडीवरून पाहिल्या. म्हणून नदीकाठच्या घराची जाहिरात कोणी दाखविली की ते नकाशा मागतात आणि त्यावर बोटाने दोन रेषा दाखवितात: निळी, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी घेणाऱ्यास धीर येतो. काका त्यास विचारतात, “मागचा कधी आला होता ते लक्षात आहे ना?”

घर एकदा पाहून घेऊ नये, तीनदा पाहावे, असा त्यांचा दंडक आहे: एकदा भर दुपारी, एकदा रात्री दहानंतर, आणि एकदा आषाढातल्या मुसळधार पावसात. ‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत लोक ‘बांधून’ या शब्दावर जोर देतात आणि फसतात. जोर ‘पाहावे’वर आहे, असे त्यांचे भाष्य आहे. पाण्याची चौकशी ते कचेरीत करीत नाहीत. फाटकाशी वाकून मातीत टँकरच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत का ते पाहतात, आणि चाकोऱ्या ताज्या असल्या तर रखवालदारास तपकीर देऊन दिवसाला किती खेपा होतात ते काढून घेतात.

आता प्रामाणिकपणे सांगावयाचे तर काकांचा सल्ला शब्दशः मानून कोणी घर घेतले आहे असे माझ्या ऐकिवात नाही. तो मानला असता तर कर्वे रस्त्याच्या पलीकडे आजही ज्वारी डोलताना दिसली असती. भिंत ओळंब्यात, फरशी पाणसळीत, सातबारा निष्कलंक, नदी दूर, पाणी मुबलक आणि किंमत आवाक्यात, असे घर पृथ्वीतलावर नाही, आणि ही गोष्ट काकांइतकी दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही. त्यांच्या स्वतःच्या सोसायटीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण अद्याप झालेले नाही. इमारत सभासदांची आणि तिच्याखालची जमीन मूळ मालकाची, अशा त्रिशंकू अवस्थेत ते पंचवीस वर्षे राहत असून जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज घेऊन जाणे हा त्यांचा दर महिन्याचा नेम आहे. आणि तरीही लोक त्यांना टाळीत नाहीत, कारण त्यांचे म्हणणे चुकत नाही. चुकले असते तर त्यांना विसरता आले असते. वास्तुशांतीच्या पंगतीत ते जिलबी वाढून घेताना डाव्या हाताने मागची भिंत हळूच वाजवितात, आणि यजमानाचा घास तोंडातच राहतो.

आमच्या घराच्या बोळकांडीत, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या बरोबर खाली, पहिल्याच पावसाळ्यात ओल उतरली. मी भयभीत होऊन काकांना बोलाविले. ते स्टुलावर चढले, ओलीकडे पाहत राहिले आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून त्या डागाभोवती एक रेषा ओढली. रेषेपाशी बारीक अक्षरांत तारीख घातली. “आता ती काय करते ते पाहू,” ते म्हणाले. पंधरवड्याने दुसरी रेषा ओढली गेली, महिन्याने तिसरी, आणि आमचे छत भूमापन खात्याच्या नकाशासारखे दिसू लागले. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील असा दोष निघाला तर तो बांधणाऱ्याने पदरच्या खर्चाने, तीस दिवसांत, दुरुस्त करावयाचा असतो, हे कलम काकांनी मजकडून पत्रात लिहवून घेतले. उत्तरादाखल एक रंगारी आला आणि त्याने नकाशावर पांढरा रंग फासला. काकांनी अवाक्षर न काढता वहीतली मोजमापे काढली, भिंतीपासून इंच धरले आणि तिन्ही रेषा जशाच्या तशा पुन्हा काढल्या. दुसरे पत्र गेले, तिसरे गेले, अखेर वरचे न्हाणीघर फोडून, जाळीखालचा ट्रॅप बदलून नवा कोबा झाला.

यंदा आषाढात, चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती तेव्हा, काका छत्री निथळत आले आणि न सांगता स्टुलावर चढले. छत कोरडे होते. पहिल्या रेषेपर्यंत देखील ओल आलेली नव्हती. त्यांनी बोट फिरवून पाहिले, रुपयाने वाजवून पाहिले, बॅटरी मारून पाहिले. आणि मग पेन्सिल कानावर ठेवून ते खाली उतरू लागले, तेव्हा त्यांच्या मुखावर जी खिन्नता पसरली ती माझ्या पत्नीच्या नजरेतून सुटली नाही. ती चहाचा कप घेऊन उभी होती.

“काका,” ती म्हणाली, “स्वयंपाकघरात खिडकीखाली जरा पोपडे धरल्यासारखे वाटतायत.”

ती भिंत आम्ही चैत्रातच रंगविली होती.

“कोठे?” काकांची पेन्सिल हातात आली होती. “चहा राहू द्या. आधी ते स्टूल इकडे आणा.”