माझी सायकल नेणाऱ्या युट्रेख्तच्या सद्गृहस्थास

मुक्काम कामशेत, तालुका मावळ, जिल्हा पुणे

रा. रा. चोरसाहेब यांस,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितो आहे, याचा राग नसावा. नेदरलँड्समध्ये युट्रेख्तच्या स्टेशनाबाहेरून माझी सायकल नेताना तुम्हीही मला कुठल्याच भाषेत काही विचारलं नव्हतं. पत्ता माहीत नाही, म्हणून खुलंच पत्र लिहितो.

सध्या भातकापणीसाठी रजा काढून गावी आलो आहे. इंद्रायणी भात झोडून झाला की संध्याकाळी ओटीवर माणसं जमतात आणि विषय तुमचाच निघतो. ‘तिकडं पण चोऱ्या होतात व्हय?’ इथपर्यंत सगळे कान टवकारून असतात. कशाची चोरी झाली ते सांगितलं, की तंबाखूच्या पुड्या पुन्हा बाहेर येतात. चुलत्यांनी तर सरळ विचारलं, “चोर म्हंजे बारकं पोरगं होतं का?” मोठा, कर्ता माणूस कुलूप तोडायची हत्यारं घेऊन रात्री सायकलीच्या मागं लागतो, हे त्यांच्या गळी उतरेना. वडिलांनी किंमत विचारली. सेकंडहँड होती, 400 युरोंची, म्हणजे आपल्याकडचे चाळीस हजार धरा, असं म्हणालो. “एवढ्यात जुनी स्प्लेंडर येते,” ते म्हणाले. “आणि ती चोरीला गेली तर चारचौघांत सांगायला लाज वाटत नाही.”

चोरसाहेब, तुमचे आभार मानायला लेखणी हाती घेतली ती याचसाठी. सायकल ही चोरण्याच्या लायकीची वस्तू आहे असं मानणारी माणसं जगात फार उरली नाहीत. तुमच्या देशात माणसं 1 कोटी 80 लाखांच्या आसपास आणि सायकली 2 कोटींच्या पुढे. युट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा तळ आहे, जगात सगळ्यात मोठा, 2019 साली पुरा झालेला. अॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली बाहेर काढतात. रानात जांभळं पडावीत तशा सायकली पडलेल्या असताना तुम्ही नेमकी माझीच निवडलीत. ही पारख आहे. आमच्याकडे मुलगी पाहायला येणारेसुद्धा इतकं बारकाईनं बघत नाहीत.

शिवाय सायकल गेल्याचं दुःख करण्यात तुमच्या लोकांनी परंपरा राखली आहे. 1942 साली जर्मन फौजांनी डच लोकांच्या सायकली जप्त केल्या. पुढं कित्येक वर्षं फुटबॉलच्या सामन्यात समोर जर्मनी आली, की तुमचे प्रेक्षक आजोबांची सायकल परत मागत ओरडायचे. युद्धातलं बाकी सगळं एक वेळ विसरतील, सायकल नाही. मग 1965 साली अॅमस्टरडॅमच्या काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यात ठेवल्या. कुलूप नाही, मालक नाही. ज्याला लागेल त्यानं घ्यावी आणि काम झालं की सोडून द्यावी. त्या पोलिसांनीच उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल ठेवणं हाच गुन्हा होता! चोराला मोह होऊ नये याची एवढी काळजी सरकारनं आमच्याकडे कधी घेतल्याचं ऐकिवात नाही. आमच्या तालुक्यात 2017 साली कार्ल्याच्या एकवीरा आईच्या देवळाचा कळससुद्धा चोरीला गेला. देवळाच्या शिखरापर्यंत हात पोचतो, तिथं सायकलीकडे कोण वाकून बघतो?

वडिलांची हयात पिंपरीच्या कंपनीत गेली. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा तिन्ही अंगांनी माणसं पहाटे सायकली मारत लोकल गाठायला यायची. वडील कामशेत स्टेशनामागच्या चहावाल्याच्या पडवीत सायकल लावायचे. काळी अॅटलस, दांडीला पंचा गुंडाळलेला, कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यात डबा. मागच्या चाकाला गोल कुलूप होतं, पण ते हातानं हिसडा दिला तरी उघडायचं, आणि हे सगळ्या पडवीला माहीत होतं. इतक्या वर्षांत सायकल गेली नाही. जायच्या त्या लहानसहान वस्तू. घंटीची वाटी जायची, व्हॉल्व्हची नळी जायची, एकदा डायनॅमो गेला. चोर ठाऊक असायचा. तो पुढच्या डब्यात बसलेला असायचा आणि आमची घंटी त्याच्या सायकलीवर वाजायची. अख्खी सायकल न्यायची म्हटलं, तर नेणार कुठं? खिंड ओलांडायच्या आत तिघांनी हटकलं असतं: ‘ही याची सायकल तुझ्याकडं कशी?’ प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ नावाचा मराठी सिनेमा आहे, 2018 चा. त्यात दोन चोर एका ज्योतिषाची सायकल पळवतात आणि जातील तिथं लोक सायकल ओळखून त्यांना मालकाचे पाव्हणे समजून जेवू घालतात. तुमच्या धंद्याला ही केवढी मोठी अडचण, याचा विचार व्हावा.

आता त्या पडवीत मोटारसायकली लागतात. अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. मुहूर्त कुणी काढला होता कोण जाणे.

कायद्यानंही सायकलीची पायरी दाखवून दिली आहे. 1 जुलै 2024 पासून आमच्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 303 व्या कलमात सोय आहे, की चोरलेला माल 5000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, चोराचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे वडिलांची अॅटलस कुणी नेली आणि आणून दिली, तर त्याच्या हाती खराटा येईल. तुम्ही नेलीत ती चाळीस हजारांची. खराट्यावर सुटला नसतात.

सायकलवाले इकडे अगदी संपले असं मात्र समजू नका. रविवारी पहाटे पुण्याहून जुन्या हायवेनं थवेच्या थवे लोणावळ्याकडे जातात. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर हेल्मेट, बुडाखाली दीड-दोन लाखांची सायकल. नाश्त्याला थांबले तरी सायकल टेबलाला टेकवूनच बसतात, नजर एकदा मिसळीवर आणि एकदा चाकावर. दूधवाल्याची सायकल बाहेर उन्हात, तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्या शिवारातून गेलेल्या एक्सप्रेस वेवर तर सायकलीला मज्जावच आहे. जमीन दिली त्यानं पलीकडचं शेत पुलाखालून वळसा घेऊन गाठावं.

इकडे यायचा विचार असेल तर एक आधी सांगतो. तुमच्या मायदेशातली सगळ्यात उंच टेकडी सुमारे 322 मीटरांची आहे. आमचं लोणावळ्याचं स्टेशनच 600 मीटरांवर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. चोरलेल्या सायकलीवरून पळायचं झालं तर तुम्हाला खोपोलीच्या दिशेनं उतारावरच पळावं लागेल आणि ब्रेक आधी तपासून घ्यावे लागतील. अॅटलसचा मागचा ब्रेक लागत नाही.

माझ्या सायकलीच्या दोन्ही किल्ल्या माझ्यापाशी आहेत. विमा कंपनीला त्या दाखवाव्या लागतात, म्हणून तुम्हाला पाठवता येत नाहीत. आपला व्यवहार तेवढ्यापुरता अर्धवट राहिला, क्षमस्व. पुढचा दिवा ढिला आहे, घट्ट करून घ्या; तिकडं रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली की दंड होतो, आणि तुमच्यासारख्या गुणी माणसाला त्या क्षुल्लक कारणावरून पोलिसांनी अडवावं हे बरं दिसत नाही.

आपला,
तुमच्यामुळे पायी झालेला एक मावळा

ता. क. वडिलांचा निरोप आहे. त्यांची अॅटलस आता घरच्या पडवीत उभी आहे. भंगारवाला किलोच्या भावानं मागतो आणि ते देत नाहीत. जाणकार माणूस नेत असेल तर त्यांची हरकत नाही. बहुतेक एक्सप्रेस गाड्या कामशेतला थांबत नाहीत, तेव्हा लोणावळ्याला उतरून लोकल पकडा. तिथं चिक्की घ्या, ती मात्र पैसे देऊन. कुलपाची किल्ली तुळईच्या खिळ्याला अडकवलेली आहे. हवा तुम्हालाच भरावी लागेल. पंप शेजारच्यांनी गेल्या शिमग्याला नेला, तो अजून आलेला नाही.