बेसिनच्या जाळीखाली

नळातून येईपर्यंत पाण्याची काळजी आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच असते. टाकी भरली का, टँकर कधी येणार, वरच्या मजल्यावर प्रेशर का नाही! तेच पाणी बेसिनच्या जाळीखाली गेलं की ‘सांडपाणी’ होतं आणि मग ते कुणाचंच नसतं. मला याचा मनापासून राग येतो.

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा हिशेब असतो. म्हणजे चौघांच्या घरातून दिवसाला चारशे लिटरच्या वर. यात आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी बरंच. संडासातलं मैलापाणी त्या मानाने कमी. पण सगळं एकाच लाइनीत सोडायचं आणि खाली बागेला टँकरचं पाणी घालायचं, ही आमची रीत.

दिवाळीनंतर प्लंबरने स्वयंपाकघराकडचा पाइप उघडला, तेव्हा आतून मनगटाएवढा पांढरट, चिकट गोळा निघाला. तळणीचं तेल, भांड्यांचा साबण, त्यात अडकलेली शितं आणि चहाचा चोथा. तेल ओतताना पातळ असतं, पाइपात गार झालं की कडेला धरतं. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं : ‘‘अहो, सांडपाणीच तर आहे!’’

दुसरी तक्रार पावसाळ्याची. गच्चीच्या पाण्याचा पाइप कुणीतरी सोयीसाठी ड्रेनेजच्या चेंबरला जोडून ठेवलाय. जोराची सर आली की लाइन भरते, चेंबरचं झाकण उचललं जातं आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीत घाण उलटी येते. वरचे म्हणतात, पाऊसच तेवढा झाला. पावसाचा काय दोष? त्याला वेगळी वाट आपणच ठेवली नाही.

मग कुणीतरी सुचवतं, ‘‘एखादा माणूस उतरवा.’’ सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. आतल्या विषारी वायूने माणसं मरतात, हे ठाऊक असूनही हे वाक्य सहज बोललं जातं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, मोरीचं पाणी जमिनीत जिरवलं आणि उघडी गटारं बंद केली. आम्हाला तर एवढंच करायचंय : उरलेलं तेल बाटलीत भरायचं, खरकटं जाळीवर अडवायचं आणि गच्चीचा पाइप चेंबरमधून सोडवून पावसाळी गटाराला जोडायचा. येत्या सभेत रंगकामाचा विषय पहिला आहे. त्याआधी हा घ्या, असं मी चिटणिसांना लेखी कळवलंय.