उंची चार फूट, बाह्या मनगटापर्यंत

लहान मुलांना वॉटर पार्कला न्यायचं तर तयारी काहीच लागत नाही. ‘चला’ म्हटलं की ती अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत जाऊन बसतात, आणि दोन दिवसांनी निघायचंय म्हटलं तरी उतरत नाहीत. आमच्याकडे मुलांचा प्रश्न असा पहिल्याच दिवशी सुटला होता. नंतर महिनाभर चर्चा चालली ती सगळी मोठ्यांची.

आम्ही बालाघाटचे. मोठे दीर आणि जाऊबाई शेजारच्याच गल्लीत, नणंदबाई गोंदियाला, धाकटे दीर नागपूरला. म्हणजे एकच कुटुंब, पण दोन राज्यांत, आणि वॉटर पार्क ठरला तो नागपूरजवळचा. कोणता, ते सांगत नाही. अजून जायचंय तिथे.

पहिल्या बैठकीत सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. “घराखाली नदी वाहून राहिली, अन् पोट्ट्यायले भिजवाले नागपूरले कायले नेता बाप्पा?”

प्रश्न बिनतोड होता. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघते, आमच्या गावाला वळसा घालते आणि मग महाराष्ट्रात उतरते. वाटेत कुणाकडून तिकीट घेत नाही. पण वाळूच्या उपशाने पात्रात कुठे गुडघाभर पाणी आणि कुठे पुरुषभर खड्डा, हे आता नावाड्यालाही छातीठोक सांगता येत नाही. बैहर रस्त्यावरचा गांगुलपारा पावसाळ्यात देखणा, पण मे महिन्यात धबधब्याची धार शोधावी लागते. ढुटीचा बंधारा इंग्रजांनी भातशेतीच्या पाण्यासाठी बांधला, आमच्या मुलांनी उड्या माराव्यात म्हणून नव्हे. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नदीकाठी जन्मलेल्या आमच्या अख्ख्या पिढीत पोहता कुणालाच येत नाही. आमच्या आयांनी आम्हाला ‘पाण्याजवळ जाऊ नको’ एवढं एकच शिकवलं, आणि ते मात्र पक्कं शिकवलं. वॉटर पार्कात निदान खोली किती ते भिंतीवर रंगवलेलं असतं.

तर जायचं ठरलं. कधी, हा प्रश्न उरला.

मध्य प्रदेशात शाळेचं नवं वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. जुनी पुस्तकं रद्दीत जायच्या आत नव्यांना कव्हरं घालायची, महिनाभर शाळा करायची आणि मग मेपासून सुट्टी. जूनच्या मध्याला आमच्या मुलांची दप्तरं पुन्हा पाठीवर. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये परीक्षाच चालू, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उघडतात थेट जूनच्या शेवटी. दोन्ही सरकारांनी मिळून आमच्यासाठी उरवला मे आणि जूनचे पहिले दोन आठवडे. त्यातून लग्नाच्या तिथी वजा केल्या. शनिवार-रविवार गर्दी म्हणून वजा. गुरुवारी सासूबाईंचा उपास, मंगळवारी जाऊबाईंचा. शिवाय घरातल्या प्रत्येक बाईचं एक स्वतःचं कॅलेंडर असतं. ते बैठकीत कुणी उघडत नाही, पण तारीख शेवटी तेच ठरवतं. पुरुषमंडळी “बुधवार का नको?” म्हणून तावातावाने विचारत राहिली आणि आम्ही तिघीजणी छताकडे पाहत राहिलो. शुक्रवार निघाला.

मोठे भाऊजी भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झाले. भूमिगत मँगनीज खाणींत ही आशियातली सगळ्यात खोल खाण मानतात. ज्या माणसाची उमेद तिथे पाळ्या करण्यात गेली, त्याला उंचावरून घसरत पाण्यात पडणाऱ्या लोकांची काळजी वाटणारच. खाणीत खाली जाणाऱ्याने टोकन द्यायचं, वर आल्यावर परत घ्यायचं; म्हणजे आत किती माणसं आहेत ते वरच्याला कळतं. भाऊजींनी पुठ्ठ्याची टोकनं कापली, नंबर घातले, वर प्लास्टिक चिकटवलं. सासूबाईंना एक नंबर. मला सात. माझ्या धाकट्याला नंबर मिळाला नाही, कारण तो “कुठेही असला तरी ऐकू येतो.”

अभ्यासही त्यांनीच केला. तिकीट किती, असं कुणी विचारलं की ते आधी १९७७ सालात जायचे. अमेरिकेत ऑर्लँडोला जॉर्ज मिले नावाच्या माणसाने त्या साली ‘वेट अँड वाइल्ड’ काढलं, आजच्या वॉटर पार्कांचं मूळ तिथलं, आपल्याकडे मुंबईला गोराईचं ‘वॉटर किंगडम’ १९९८ चं, वगैरे. तिकिटाच्या आकड्यापर्यंत पोचेस्तोवर चहा निवायचा. मग कळलं की तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. तीन फुटांखाली फुकट, पुढे मुलांचं, साडेचार फुटांवर पूर्ण.

हे ऐकून आमच्या घराचा पायाच हादरला. आमच्याकडे तिकिटाचं सगळं शास्त्र वयावर उभं होतं. ब्रॉडगेज यायच्या आधी गोंदियाहून बालाघाट-नैनपूर करत जबलपूरला छोटी रेल जायची, अडीच फुटी रुळांवरून. त्या रेल्वेत आमचे मोठे भाऊजी वर्षानुवर्षं साडेअकरा वर्षांचे होते. मिसरूड फुटलं तरी साडेअकराच. टीसी बघायचा, सासूबाई त्याच्याकडे बघायच्या, आणि टीसी पुढच्या डब्यात जायचा. वय असं शब्दावर चालतं. उंचीला फूटपट्टी लागते.

म्हणून स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारल्या. माझा धाकटा निघाला तीन फूट अकरा इंच. म्हणजे तिकीट लागणार, पण चार फुटांची अट असलेल्या मोठ्या घसरगुंडीवर त्याला कुणी चढू देणार नाही. नणंदबाईंची मुलगी साडेचार फुटांच्या वर जेमतेम बोटभर. तिने खिडकीपाशी गुडघे जरा वाकवायचे, असं तिच्या आईचं म्हणणं. याने घसरगुंडीपाशी टाचा उचलायच्या, असं त्याच्या बापाचं. दोघांची अंगणात रोज तालीम चालली. निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माझा मुलगा वाकायला शिकला होता आणि ती टाचा उचलायला.

गाडी ठरली बाराजणांची. बालाघाटच्या माणसाला गाडी ठरली की पुढचा प्रश्न इंधनाचा. २०२१ च्या ऑक्टोबरात आमच्याकडचं पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या घरात गेलं होतं, तेव्हापासून रजेगावचा पूल ओलांडून गोंदियाकडे जाणारी आमची प्रत्येक गाडी टाकी रिकामी ठेवूनच निघते. यात बचत किती होते ते कुणी मांडत नाही. पुलावर गाडी बंद पडली नाही, याचंच समाधान मोठं असतं.

आता जेवण. वॉटर पार्कच्या पाटीवर स्पष्ट असतं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. सासूबाईंच्या मते घरचं जेवण हे ‘बाहेरचं’ असूच शकत नाही. त्यामुळे तिखट पुऱ्या, दशम्या, शंकरपाळे, चिवडा, लाखोळीच्या डाळीचे वडे, कैरीचं पन्हं आणि मोठ्या डब्यात चिन्नोरचा दहीभात असा बेत ठरला. आमच्या बालाघाटी चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हे गेटवरच्या चौकीदाराला कुणी सांगायचं? जाऊबाईंनी सुचवलं की डबे टॉवेलांखाली दडपू. भाऊजींनी तत्त्वाने विरोध केला: खाणीत झडती झाली की दडवलेलं सगळं सापडतं. शेवटी तोडगा असा की सगळं गेटबाहेरच संपवायचं. त्याप्रमाणे सकाळी दहाच्या सुमाराला, बेचाळीस अंशांकडे चाललेल्या उन्हात, पार्किंगमधल्या एकुलत्या एका कडुनिंबाखाली आम्ही सणाच्या पंगतीसारखे जेवलो. नंतर कुणालाच वाकता येत नव्हतं, त्यामुळे तिकिटं पुरी लागली.

पण योजनेचा खरा गाभा कपड्यांचा होता, आणि महिन्यातले तीन आठवडे त्यातच गेले.

पाण्यात सुती कपडा चालत नाही. कारण रास्त आहे: सुताचे धागे सुटतात, ते गाळण यंत्रात जाऊन बसतात आणि पाणी फिरवण्याची सगळी व्यवस्था तुंबते. म्हणून नायलॉनचा कॉस्च्यूम सक्तीचा. स्वतःचा नसेल तर तिथे भाड्याने मिळतो, अनामत ठेवून. बायकांना कोपरापर्यंत बाह्यांचा झगा आणि खाली गुडघ्यापर्यंत तंग विजार. जाऊबाईंनी मोबाईलवर फोटो पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. “माझ्या सासरी मला असं कुणी पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. बरोबर येणारे सगळे सासरचेच होते.

मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली. “नायलॉनच पाह्यजे ना? हे घ्या.” सत्तरच्या दशकातल्या तीन नायलॉनच्या साड्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. एक पोपटी, दोन फुलाफुलांच्या. नियमात काही खोट काढता येईना. भाऊजींनी नियम दोनदा वाचला. नायलॉन म्हटलंय, शिवलेलं असावं असं कुठे म्हटलंय? चौकशीला फोन लावला तर पलीकडचा मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की साडी चालत नाही, घसरगुंडीत अडकते. सासूबाई म्हणाल्या, मग मी घसरतच नाही.

त्यांचं काम तेव्हाच ठरलं. त्या काठावर बसतील आणि सामान सांभाळतील. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी, घराबाहेर छत्री घेतल्याशिवाय न निघणारी बाई. तिचं पाण्यात काय काम, असं सगळ्यांचं एकमत झालं. त्यांना सोडून. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पार्कमधल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी निळं होतं, म्हणजे तळ निळा होता. आत शिरताच नाकात जातो तो वास क्लोरीनचा, असं मी सांगताच माझ्या दहावीतल्या लेकीने दुरुस्ती केली: नुसत्या क्लोरीनला एवढा वास नसतो, घाम आणि लघवीशी त्याचा संयोग झाला की तो भपकारा उठतो. ही माहिती तिने गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून दिली. लाटांच्या तलावात भाऊजी, भिंतीमागे पंख्यांनी हवा कोंडून लाट कशी उठवतात, ते समजावत होते. भोंगा झाला, लाट आली आणि स्पष्टीकरणाचा उत्तरार्ध पाण्यात गेला. जाऊबाई झगा घालून आल्या आणि अर्ध्या तासात विसरल्या की तो घातलाय. माझा मुलगा मोजपट्टीपाशी सवयीने वाकला.

दुपारी बाराच्या सुमाराला भाऊजींनी टोकनं मोजली. एक नंबर कमी.

सामान जागेवर होतं. त्यावर आमचे हे बसले होते, तोंड उतरलेलं. “आईने बसवलं मला,” ते म्हणाले. आम्ही धावलो. मोठ्या तलावाच्या कडेला काळा-जांभळा कॉस्च्यूम भाड्याने घेऊन, बाह्या खेचून खेचून मनगटापर्यंत आणलेल्या सासूबाई पाण्यात उतरल्या होत्या, आणि इतर लोक जिथे कमरेपर्यंत पाण्यात किंचाळत उभे होते तिथून सरळ, मान वर काढून, शांतपणे हात मारत दोरीच्या पलीकडे चालल्या होत्या. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठचं. पोरवयात त्या पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकल्या आणि पुढे भोपळ्याविना पैलतीरी शेतावर जायच्या. लग्न झालं आणि ते थांबलं. हे आम्हाला, म्हणजे त्यांच्या पोटच्या मुलांनाही, त्या दिवशी कळलं.

रक्षकाने जोरात शिट्टी फुंकली. दिवसभरात आमच्यापैकी फक्त त्यांच्यावरच शिट्टी फुंकली गेली.

“आजी, इथं पोहायचं नाही! दोरीच्या आत उभं राहायचं!”

सासूबाई वळल्या, परत आल्या आणि त्याला म्हणाल्या, “एवढ्याशा पाण्यात बुडली त गावात तोंड दाखवाले जागा नाही राहणार रे बाबू.” मग दोरीच्या आत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने नजर चुकवून पुन्हा गेल्या. पुन्हा शिट्टी. संध्याकाळपर्यंत त्या पोराला त्यांचं नावही पाठ झालं, आणि त्यांना त्याचं गाव, जात, पगार आणि लग्न का अडलंय ते.

तुम्ही मुलांना वॉटर पार्कला न्यायच्या विचारात असाल, तर मे महिन्यातला शुक्रवार चांगला, जेवण गेटबाहेर उरका, आणि उंचीच्या बाबतीत लबाडी करू नका, गुडघे दुखतात. आणि घरात सत्तरीच्या पुढची कुणी असेल, तर तिला सामान सांभाळायला बसवू नका. तिथे लॉकर मिळतो. भाडं फार नसतं, आणि चावी मनगटाला बांधता येते.