कोणत्या सालचा लाल?

मोटारसायकलच्या नोंदणी पुस्तकात रंगासाठी एक चिमुकला रकाना असतो. कारकुनाने त्यात एकदा ‘रेड’ लिहिलं की सरकारचं समाधान होतं. चोरीला गेलेली गाडी ओळखायला तेवढं पुरतं, असं कायद्याला वाटत असावं. पण तीच गाडी अर्ध्या शतकानंतर ‘होती तशी’ रंगवायला काढा, म्हणजे त्या रकान्यात सकाळच्या दिवा स्टेशनासारखी माणसं किती दाटीने उभी आहेत ते कळतं. आणि प्रत्येकाचा लाल वेगळा.

आमच्या इमारतीतल्या तात्यांनी चिपळूणहून टेम्पोतून वडिलांची जावा आणली, तेव्हा ती लाल नव्हतीच. हिरवी होती. कधीतरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी उरलेल्या ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश कुणाच्या तरी हाती लागला असणार. टाकीवर ब्रशाचे केस अजून चिकटलेले होते. हिरव्याखाली काळा होता. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 साली या गाड्या बनवायला सुरुवात केली, त्याआधी त्या चेकोस्लोव्हाकियाहून येत. पुढे तिचीच यझदी झाली, आणि 1996 मध्ये कारखानाही मिटला. म्हणजे ‘रंग नेमका कोणता होता हो?’ असं जाऊन विचारायला दारच उरलेलं नाही. तात्यांनी मग ज्या मिस्त्रींना बोलावलं, ते गाडीकडे बघण्याआधी खिशातून पॉलिश पेपर काढतात.

मिस्त्रींची पद्धत उत्खननाची. टाकीच्या कडेला पाणी टाकून ते बोटभर जागा हळूहळू घासत गेले. हिरवा गेला, काळा गेला, मग उताराउताराने गोल कडी उमटली, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर उमटते तशी. आतल्या कड्यात तपकिरी लाल दिसला आणि तात्यांचे डोळे भरून आले. “हाच! बाबांचा लाल हाच!” मिस्त्रींनी चष्मा वर केला. “तात्या, तो रेड ऑक्साईड आहे. गंज धरू नये म्हणून मारतात तो. त्याच्यावर रंग असतो.” तात्यांनी रुमाल पुन्हा घडी करून खिशात ठेवला. खरा लाल त्या कड्याच्या बाहेर, नखाच्या कडेएवढ्या पट्टीत होता. इतक्या अरुंद जागेत मावलेलं बालपण मी दुसरं पाहिलेलं नाही.

जुना रंग शोधायचा तर ऊन जिथे पोचलं नाही तिथे जायचं, हे या धंद्यातलं पहिलं सूत्र. टाकीवरच्या गुडघ्याच्या रबरामागे, कंपनीच्या बिल्ल्याखाली, हत्यारांच्या डब्याच्या झाकणाला आतून, हेडलाइटच्या त्या फुगीर कवचात, जिथे जावाचा स्पीडोमीटरही बसवलेला असतो. तिथे रंग पडदानशीन राहतो. तात्यांच्या गाडीचं रबर उचकटलं तेव्हा खाली निघालेला लाल इतका ताजा, इतका बेधडक होता, की आम्ही सगळे जरा संकोचून मागे सरकलो. डाळिंबाचा दाणा ओठात फुटावा तसा. तात्यांच्या वहिनी, ज्या लग्न होऊन याच गाडीच्या मागे बसून घरी आल्या, त्यांनी मात्र एका नजरेत निकाल दिला: “हा आपला नव्हे. आपली गाडी एवढी भडक नव्हती.”

इथून गोष्ट अवघड झाली. पुरावा म्हणून फोटो काढले. साठच्या दशकातला, स्टुडिओबाहेरचा, बाबा धोतराचा सोगा सावरून गाडीवर बसलेले, तो काळा-पांढरा; त्यात लाल काय आणि हिरवा काय, दोन्ही एकाच राखाडीला जाऊन मिळतात. नंतरचा रंगीत होता. पण रंगीत छापांमधला निळसर अंश काळाबरोबर उडत जातो आणि सगळं तांबूस होतं. त्या फोटोत गाडी लाल, तशी भिंत लाल, बाबांचा सदरा लाल, अंगणातला कुत्राही लाल. साक्षीदाराचाच रंग उडालेला, त्याची साक्ष काय धरायची? मग टाकी पिशवीत घालून तात्या ठाण्याला एका दुकानात गेले, जिथे रंग मोजायचं यंत्र आहे. यंत्राने रबराखाली एक लाल सांगितला, बिल्ल्याच्या कडेला दुसरा, उघड्या भागावर तिसरा. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याला फक्त कुठे बघायचं ते सांगावं लागतं, आणि तेच तर कुणाला ठरवता येत नव्हतं.

मिस्त्री रंग ट्यूबलाइटखाली बघू देत नाहीत. दुकानात जुळलेले दोन लाल बाहेर आल्यावर सवतींसारखे वागतात, असं त्यांचं म्हणणं; ते खरंही आहे, वेगळ्या रसायनांनी बनलेले दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसू शकतात. दिव्यातल्या आमच्या गल्ल्यांत इमारती इतक्या खेटून की ऊन जमिनीला क्वचित टेकतं. म्हणून नमुन्याच्या पट्ट्या घेऊन सगळे गच्चीवर. भर दुपारी एकदा, आणि तात्यांना राहवेना म्हणून संध्याकाळी पुन्हा. तेव्हा खालून डेक्कन क्वीन गेली, दिव्याकडे ढुंकूनही न पाहता, तिच्या रिवाजाप्रमाणे. 1 जून 1930 रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते, एक रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. माझ्या आठवणीतली राणी पांढरट-निळी, लाल पट्ट्याची. आता तीही बदलली. मूळची कोणती असं विचारलं तर मी माझीच सांगेन, आणि माझ्या आजोबांनी ती खोटी ठरवली असती.

तात्यांच्या वहिनींचं म्हणणं मला तिथेच पटलं. रबराखालचा लाल अस्सल खरा, पण तो जेमतेम शोरूमपासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंतचा. या घरातल्या कुणी तो नीट पाहिलाच नाही. कोकणातल्या उन्हाने लगेच त्याच्यावर हक्क सांगितला. वहिनींचा लाल वरातीच्या सालचा, तात्यांचा शाळेच्या सालचा, आणि ज्याचा कुणाशीच संबंध नाही असा तो एकटा, रबराखाली, कारखान्याच्या सालचा. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांची पाटीही ठरवली; गाडी मात्र मूळ रूपात हवी. मूळ म्हणजे कोणत्या सालचं, हे तात्या अर्जात कुठे लिहिणार?

शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. कारखान्याच्या लालात थेंब थेंब तपकिरी टाकत ते वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्या हसल्या तिथे थांबले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-यझदीवाले जमतात, तिथले जाणकार हा रंग बघून नाकं मुरडतील, तात्यांना माहीत आहे. आजच्या रंगाला येते तशी काचेसारखी चकाकी नको, म्हणून वरचं पॉलिशही त्यांनी हात आखडून करवलं. हत्यारांच्या डब्याचं झाकण तेवढं आतून जसंच्या तसं ठेवलंय, जाणकारांसाठी.

काल टाकीवरच्या सोनेरी रेघेचा विषय निघाला. ती हातानेच ओढायची, बारीक केसांच्या ब्रशाने, श्वास रोखून. चेन्नईला बुलेटच्या टाक्यांवर अजून तशीच ओढतात. मिस्त्री ब्रश भिजवून बसले होते. तेवढ्यात चिपळूणहून धाकट्या भावाचा फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला.

“रेघ सोनेरी कुठली रे दादा? पांढरी होती. मीच तर खिळ्याने ओरखडली होती.”