वीतभर अंतरावरून

रंग फवारायच्या मशीनच्या जाहिरातीत एक माणूस असतो. त्याचा शर्ट पांढराशुभ्र, भांग जागच्या जागी, आणि खोलीत तो, भिंत आणि मशीन यांखेरीज काहीही नाही. कपाट नाही, फ्रिज नाही, देव्हारा नाही, आतल्या खोलीत झोपलेले सासरे नाहीत. तो हसत हसत हात फिरवतो आणि बघता बघता भिंत पोपटी होते. या माणसाकडे भिंत आहे, पण घर नाही. जाहिरातीचं सगळं रहस्य एवढंच.

मशीनबद्दल माझी तक्रार नाही. एका हातात मावतं, खाली लिटरभर रंगाचं भांडं, पाठीशी हवेची मोटर, पुढे नोझल. भरपूर हवा आणि कमी दाब हे त्याचं तत्त्व. ट्रिगर ओढला की हवा रंगाचे बारीक थेंब करते आणि ते समोर जाऊन बसतात. निदान बहुतेक बसतात. बाकीचे कुठे जातात, हा प्रश्न जाहिरातीतल्या माणसाला कुणी विचारत नाही.

तो प्रश्न घरात पहिल्या दिवशीच विचारला जातो, आणि त्याचं उत्तर म्हणजे रद्दी. ब्रशने दाराची चौकट रंगवायची तर खाली एक पेपर अंथरला की झालं. मशीनने रंगवायची तर बिजागरी, कडी, नेमप्लेट, बेलचं बटण, खालची फरशी, वरचा पंखा आणि शेजाऱ्यांचं दार, सगळं झाकायचं. रंगवायला पाच मिनिटं लागतात हे अगदी खरं; त्या पाच मिनिटांसाठी आदला अख्खा दिवस माणूस मास्किंग टेपचं टोक नखाने शोधत असतो. टेप हाताला चिकटते, पेपरला चिकटते, स्वतःला तर फारच प्रेमाने चिकटते, फक्त ओल आलेल्या भिंतीला चिकटत नाही. शिवाय रद्दी चिकटवणं हे एकट्याने करायचं काम नव्हे, कारण एकटा माणूस ती वाचायला लागतो. आमच्या वडिलांना मदतीला घेतलं, तर ते स्टुलावर उभे राहून कुठल्याशा जुन्या पुरवणीतलं अर्धवट शब्दकोडं सोडवत बसले. "आडवा नऊ, पाच अक्षरी, 'व्यर्थ खटाटोप'," असं त्यांनी मला विचारलं. त्यात टोमणा होता की नाही, ते अजून ठरायचं आहे.

दुसरा अध्याय पातळ करण्याचा. डब्यातला रंग जसाच्या तसा मशीनला चालत नाही. घट्ट राहिला तर नोझल थुंकतं, फार पातळ झाला तर भिंतीवरून ओघळ येतात. यासाठी मशीनबरोबर तळाला भोक पाडलेला एक चिमुकला पेला मिळतो. त्यात रंग भरायचा आणि तो किती सेकंदांत रिकामा होतो हे घड्याळ लावून बघायचं. मी तसं बघत असताना आई शेजारी येऊन उभी राहिली. तिने पळीने रंग वर उचलला, धार सोडली आणि म्हणाली, "घावनाच्या पिठाएवढं हवंय ना? मग अजून थोडं घाल." घातलं. घड्याळ तिच्याशी सहमत झालं. तेव्हापासून तो पेला बडीशेप ठेवायला वापरतात, त्याचं भोक टेपने बुजवून.

नंतर गाळणं. उघड्या डब्यातल्या रंगावर साय धरते, आणि त्या सायीचा एक कण नोझलमध्ये अडकला की मशीन भर कामात उचकी देतं. म्हणून रंग वस्त्रगाळ करायचा. पूर्वी आपल्याकडे चूर्णं वस्त्रगाळ करत. आता बायकोची जुनी सुती ओढणी यासाठी लागते, आणि ती जुनी आहे की नाही हे आपण परस्पर ठरवायचं नसतं.

एवढं झाल्यावर खरी पाच मिनिटं येतात, आणि ती फार देखणी असतात. नोझल आणि वस्तू यांत वीतभर, फार तर वीतभर नि चार बोटं अंतर. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरळ रेषेत न्यायचा. हात आधी हलवायचा आणि मग ट्रिगर दाबायचा, नाहीतर पहिल्या जागी गोळा होतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. हे सारं मला आमच्या रंगाऱ्यांनी शिकवलं. आधी त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मला भरपूर हात मारायला लावले, चहा पीत बघितलं आणि म्हणाले, "हात चांगलाय, साहेब. फक्त भिंतीला लावू नका."

त्यांचं म्हणणं खरं होतं. माणसं राहत असलेल्या घरातल्या भिंतीला रोलरच बरा. खिडकीच्या ग्रीललाही हे मशीन नको, कारण ग्रीलमध्ये लोखंडापेक्षा भोकंच जास्त. निम्म्याहून अधिक रंग गजांच्या मधून निघून थेट समोरच्या बिल्डिंगकडे जातो. तिथे पॉलिश पेपर, रेडऑक्साइड आणि ब्रश हाच जुना मार्ग. (जुन्या बिल्डिंगचं ग्रील असेल तर पेपर पाण्यात भिजवून घासा. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत नव्वद भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पोपड्यांची धूळ नाकात न गेलेली बरी.)

मग मशीन कशाला? तर वेताच्या खुर्चीला. आमच्या आजोबांची एक आहे. तिच्या विणीत ब्रश घालायचा म्हणजे एकेका वेताची स्वतंत्र मनधरणी. फवारा मात्र एका फेरीत पाठ, दुसऱ्या फेरीत बैठक अशी चाल करतो, खुर्ची उलटी केली की खालच्या गाठीसुद्धा सुटत नाहीत. रंग कुठे साचत नाही, ब्रशचा केस चिकटून राहत नाही. लोखंडी कपाटाचंही तसंच, आडव्या फळ्यांच्या झडपांच्या दाराचंही तसंच.

आता हे फवारायचं कुठे? अर्थात गच्चीवर. पण चैत्र-वैशाखात गच्ची सोसायटीची नसते, वाळवणाची असते. खुर्ची घेऊन वर गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुरडयांच्या राखणीला बसल्या होत्या.

"तुमचं ते मशीन किती लांब उडवतं हो?"

"वीतभर, काकू."

"ते तुमच्या बाजूला. माझ्या बाजूला किती?"

फवाऱ्याच्या शास्त्रातला याहून अचूक प्रश्न मी ऐकलेला नाही. थेंब जितका बारीक तितका तो वाऱ्यावर जास्त तरंगतो, आणि माझ्या डब्यातला रंग सिल्व्हर होता. वर्ख लावलेल्या कुरडया तळण्याची काकूंची तयारी नव्हती. काम वाळवण उतरेपर्यंत लांबलं. मग पाऊस आला. दमट हवेत ऑइलपेंट वाळता वाळत नाही आणि लॅकर तर पांढरट पडतं. ऑक्टोबरात ऊन बरं असतं, पण तेव्हा गच्चीवर गाद्या आणि दिवाळीसाठी धुतलेल्या सोलापुरी चादरी. उरला हिवाळा, आणि हिवाळ्यात पुण्यात लग्नं.

मुळात हे यंत्र घरासाठी जन्मलेलंच नाही. १८८७ च्या सुमारास शिकागोतल्या मार्शल फील्ड या अवाढव्य दुकानात देखभालीचं काम बघणाऱ्या जोसेफ बिंक्स यांच्यापुढे तळघराच्या मैलोगणती वाटणाऱ्या भिंती होत्या. ब्रशने त्यांना सफेदी कधी होणार? त्यांनी हातपंपाने दाब देऊन ती फवारणारं यंत्र केलं. पुढे १८९३ चं जागतिक प्रदर्शन आलं. विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तिथले महाल प्लास्टर आणि तागाच्या काथ्याचे, सहा महिने उभे राहिले की काम झालं अशा बेताचे. त्यांना पांढरं करायला वेळ नव्हता, म्हणून सजावटीचे प्रमुख, चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांनी फवारे लावले. (हे गृहस्थ १९१२ साली टायटॅनिकबरोबर गेले. त्यात फवाऱ्याचा दोष नाही.) सामान नाही, वाळवण नाही, अफाट भिंती आणि मानगुटीवर बसलेली तारीख: फवाऱ्याला लागतं ते सगळं तिथे होतं.

घरच्या माणसाची अडचण ओळखली ती एका बाईने. १९४९ साली इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर गावी एडवर्ड सेमूर यांना रेडिएटरला लावायचा आपला ॲल्युमिनियम रंग लोकांना दाखवायचा होता. तो डब्यात भरून फवारा, असं सुचवलं त्यांच्या पत्नी बॉनी यांनी. स्प्रे कॅन आला तो असा. संपला की टाकून द्यायचा, धुणं नाही. घरात धुण्याचा विचार आधी कोणाला सुचतो, ते सांगायला नको.

कारण आमच्या मशीनचा शेवटचा अध्याय धुण्याचाच. पाच मिनिटांच्या रंगानंतर नोझल, सुई, टोपी, नळी, भांडं, जाळी सगळं सुटं करून टर्पेंटाइनने धुवायचं, ते टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही, आणि मूगडाळीएवढं एक वॉशर असतं ते मोरीच्या जाळीतून जाऊ द्यायचं नाही. एवढं करून मशीन माळ्यावर ठेवलं, की सोसायटीत कोणीतरी म्हणतं, "दोन दिवस द्याल का जरा?"

गेल्या गणपतीत मंडळाची मुलं घेऊन गेली. त्यांचं देऊळ पुठ्ठ्याचं होतं, खांब उंच होते, मांडव रिकामा होता आणि प्रतिष्ठापना दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे शिकागोच. मी रात्री डोकावलो तर एक पोरगा ट्रिगर दाबून सरळ हात नेत होता, वीतभर अंतर, निम्मा पट्टा चढवून, मनगट जरासुद्धा न वळवता. खांब सोन्याचे दिसत होते. मला फार समाधान वाटलं. विसर्जनानंतर तोच पोरगा मशीन परत द्यायला आला. भांड्यात सोनेरी रंगाची पक्की ढेप झाली होती, नोझल तिच्यात रुतलं होतं, आणि त्याचा चेहरा इतका निष्पाप होता की मला काही बोलता येईना.

"काका," तो म्हणाला, "हे धुवायचं असतं का?"