जर्मनी खाली बसली

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या भाच्याने जरा जास्तच मनावर घेतली. 2010 साली औरंगाबादकरांनी एका दमात दीडशे मर्सिडीझ उचलल्या होत्या. आपण निदान एक सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घ्यावी म्हणून याने चांगली चालती बोलेरो फुंकली.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली. उजवा कोपरा थेट जमिनीला. एअर सस्पेन्शन! रबरी फुग्याला चीर पडली की हवा निसटते, ती भरता भरता कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि एक दिवस तोही जातो. वसमत रोडचा मिस्त्री वाकून म्हणाला, "मामा, पाटे असते तर घातले असते. ह्यात नुसती हवा हाय."

मग ट्रकवर चढवून संभाजीनगर. तिथे कळलं, गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. ते अजून नव्या नवरीच्या भावात. वर डिझेलच्या धुराचा फिल्टर काजळीने तुंबलेला, कारण गाडी घर ते स्टेशन एवढीच पळायची.

सध्या ती दारात आहे. ताई बॉनेटवर कुरड्या वाळत घालते. टेकल्यामुळे हात छान पुरतो.