रस्त्याच्या नावावर खपवू नका

कळंब मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. चिंतामणीला गाडीतूनच हात जोडायचे आणि पाय जरा दाबायचा. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. नव्वदला मागच्या सीटवरून आई म्हणते, "सुरू झालं रे." पंचाण्णवला बाटलीतलं पाणी शहारतं, आणि बैठकीतून मांडीला, पाठीला बारीक, सलग थरथर लागते. पंच्याऐंशीवर उतरलं की गायब. गाडी इलेक्ट्रिक, नवी कोरी, २०२५ च्या पाडव्याला घेतलेली.

आईला दर महिन्याला तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागतं. यवतमाळहून दीडशे किलोमीटर. तिच्या मणक्याचं दुखणं आहे, म्हणून तर ही गाडी घेतली. आवाज नाही, गिअरचे हिसके नाहीत, ती आरामात जाईल असं वाटलं होतं. आता ती देवळीपर्यंत ओठ मिटून बसते आणि उतरताना माझा हात धरते.

सर्व्हिस सेंटरला तीनदा गेलो. तीन वेळा तीन उत्तरं मिळाली. पहिलं, "सर, रस्ता खराब आहे." दुसरं, "कम्प्युटरमध्ये एकही कोड येत नाही." तिसरं, "इलेक्ट्रिकमध्ये इंजिनचा आवाज नसतो ना, म्हणून जास्त जाणवतं." तिन्ही उत्तरं देणारी माणसं सभ्य होती, पाणी विचारत होती. पण तिघांपैकी एकानंही चाकाला हात लावला नाही, आणि माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे.

आधी रस्त्याचं पाहू. आमच्या जिल्ह्यातले रस्ते खराब आहेत, हे मला कुणी सांगायला नको. खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. त्या लाटेवर गाडी उचंबळते. काँक्रीटचा रस्ता असेल तर त्याचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी शंभरनं गेलात तर सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात, आणि ते मोजता येतील असे धडधडतात. आता चाकाचा हिशेब करा. टायरचा घेर जवळपास दोन मीटर. ताशी शंभरला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. सहाची धडधड वेगळी आणि चौदाची थरथर वेगळी, ती बसणाऱ्याच्या अंगाला कळते. शिवाय रस्त्याचा दोष रस्त्यासोबत बदलतो. माझी गाडी कळंबच्या पुढे थरथरते, आर्णीकडे जाताना थरथरते, आणि धामणगावहून समृद्धी महामार्गावर चढलं की तिथंही पंचाण्णवलाच थरथरते. तिथं १२० ची मुभा आहे. एकशे दहाला थरथर थोडी ओसरते, खाली आलं की पुन्हा हजर. तीन रस्ते, तीन पृष्ठभाग, आणि वेग तोच. मग दोषी कोण, हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही.

नेमका तोच वेग का, हेही सांगतो, कारण हे कळलं की कुणी तुम्हाला गप्प बसवू शकत नाही. चाक, ब्रेक, आर्म असा स्प्रिंगच्या खाली जेवढा भार असतो, त्याची डोलायची आपली एक लय असते. सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा. चाकात काही उणंअधिक असेल तर ते प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतं. ८० ते ११० च्या मध्ये कुठंतरी या धक्क्यांची लय त्या डोलण्याच्या लयीला गाठते. झोका चढतो तो नेमक्या वेळेला दिलेल्या धक्क्यानंच, तसंच हे. आणि उणंअधिक तरी किती लागतं? सोळा इंची रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम जादा असले, तर शंभरच्या वेगात ते सुमारे तीन किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतात. ही ओढ चाकाबरोबर फिरते, सेकंदाला १४ वेळा. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर.

कम्प्युटरचं उत्तर मला सर्वात जास्त खटकलं. त्या पडद्यावर बॅटरीचं तापमान दिसतं, मोटरची तक्रार दिसते, चार्जिंगची अडचण दिसते. टायर गोल आहे की नाही, हे पाहणारा डोळा त्या यंत्राला दिलेलाच नाही. मग तिथं कोड येणार कुठून? कोड नाही म्हणजे दोष नाही, असं लेखी देणं म्हणजे थर्मामीटर लावून हाड मोडलं नाही असं सांगण्यासारखं आहे. ट्रायल घेतली तीही शहरात, दोन सिग्नलच्या मध्ये. पंचाण्णवला होणारा आजार पन्नासवर शोधला आणि जॉबकार्डवर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. वर अलाइनमेंटचं बिल लावलं. अलाइनमेंटनं गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते थांबतं, टायर वाकडा झिजत असेल तर ते थांबतं. सलग थरथर अलाइनमेंटनं जात नाही. हे त्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

तिसरं उत्तर अर्धं खरं आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनची स्वतःची धुगधुग असते, तिच्यात चाकाची थरथर झाकली जाते. इलेक्ट्रिकमध्ये झाकायला काही नाही. पण झाकलं नाही म्हणून दिसलं, याचा अर्थ ते नव्हतंच असा होत नाही. उलट शांततेच्या नावावर गाडी विकता, तर चाक जास्त काटेकोर तपासून द्यायला हवं.

मध्येच पाऊस लागला आणि गोंधळ वाढला. जुलैत दोनदा वावरात जाणं झालं, पांदणीतून. परत आलो तर थरथर दुप्पट, आणि आता सीटसोबत स्टिअरिंगही हलायला लागलं. मी गाडीखाली वाकून पाहिलं. पुढच्या उजव्या चाकाच्या रिमला, आतल्या बाजूनं, काळ्या चिखलाचा बोटभर जाड थर वाळून खापरीसारखा बसला होता, आणि तोही एकाच बाजूला. स्क्रू ड्रायव्हरनं काढला, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. १४० ग्रॅम. वीस ग्रॅमचा हिशेब वर केलाच आहे, त्याच्या सातपट करा. बाहेरून गाडी चकचकीत धुतलेली होती, कारण धुणारा बाहेरून धुतो. आमच्या कापसाच्या मुलखात पावसाळ्यात नव्या गाडीची थरथर वाढली, तर पहिल्यांदा रिमच्या आत पाण्याचा जोरदार फवारा मारा. पैसे लागत नाहीत.

चिखल निघाला, स्टिअरिंग शांत झालं. सीटची जुनी थरथर मात्र तशीच राहिली. आणि हेच मागच्या चाकांविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढची चाकं, बैठक हलली तर बहुतेक मागची. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क पाहायची. वेग वाढवताना थरथरते आणि पाय काढला की थांबते, तर चाकाकडे जाणारे शाफ्ट, त्यांचे सांधे नाहीतर मोटरचे माउंट. इलेक्ट्रिकमध्ये एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवायची. पाय काढला तरी मोटर उलटी ओढत असते, बॅटरी भरत असते, म्हणजे शाफ्टवर ताण असतोच. तेव्हा ही परीक्षा मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना घ्यायची, तो परतीचा जोर अगदी कमीवर ठेवून. मी घेतली. काहीही फरक पडला नाही. म्हणजे मोटर निर्दोष, बॅटरी निर्दोष. चाक.

आर्णी रोडवर एक टायरवाले भाऊ आहेत. पत्र्याचं शेड, एक बॅलन्सिंगचं मशीन, एक जॅक. त्यांनी मागची दोन्ही चाकं मशीनवर फिरवली. दोन्ही शून्य. माझा चेहरा पडला. ते म्हणाले, "मशीन चाकाले हवेत फिरवते भाऊ. रोडवर त्याच्या डोक्यावर चार क्विंटल असते. मशीनवर काय असते?" मग डावं चाक पुन्हा गाडीला लावलं, जॅकवर गाडी उचललेली ठेवली, एका विटेवर हात टेकवला आणि टायरच्या अगदी जवळ पांढरा खडू धरला. दुसऱ्या हातानं चाक हळूहळू फिरवलं. खडू घासत गेला, काळ्या रबरावर पांढरी रेघ उमटत गेली. एका ठिकाणी रेघ तुटली. वीतभर जागा कोरी राहिली, मग रेघ पुन्हा सुरू झाली. त्यांनी खडू कानावर ठेवला. "गाडी लय दिवस एका जागी उभी होती वाटते. टायर बसला हा."

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते त्यांनी बोटानं दाखवले. १४२४. २०२४ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिलची सुरुवात. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर महिना होता मे २०२४. मी गाडी घेतली पाडव्याला, म्हणजे मार्चअखेरीस. मेपासून मार्चपर्यंत ही गाडी कुठल्यातरी यार्डात उभी होती. मे-जूनचं ऊन खात, बहुधा कमी हवेवर. सारख्या आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी दोन-तीन क्विंटल तरी जड असते, सगळा भार बॅटरीचा. म्हणजे कापसाची दोन-तीन क्विंटल गाठोडी डिकीत कायमची भरून गाडी महिनोन् महिने उन्हात ठेवायची, आणि मग नवी म्हणून विकायची. थोडे दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर वीस-तीस किलोमीटर पळून गरम झाला की पुन्हा गोल होतो. महिनोन् महिने बसलेला टायर होत नाही. वजन लावून बॅलन्सिंग केलं तरी होत नाही, कारण दोष वजनाचा नाहीच, आकाराचा आहे. टायरला रोलरनं दाबून फिरवणारी मशीनं असतात, ती हा दोष आकड्यात दाखवतात. माझ्या जॉबकार्डांवर त्या तपासणीची एक ओळ नाही.

भाऊंनी एक चांगला टायर उसना दिला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघालो. कळंब गेलं, देवळी आली, पंचाण्णववर काटा ठेवला. आई कापूस वेचणीच्या मजुरीबद्दल बोलत होती, बोलता बोलता तिनं डबा उघडला आणि मला पुरी दिली.

आता गाडीवाले म्हणतात, टायरची वॉरंटी टायर कंपनीची, आमची नाही. टायर कंपनी म्हणते, आमचा माणूस पाहायला येईल. मी बिल एक दिलं होतं. त्यात चार चाकं वेगळी दाखवलेली नव्हती. ज्यांची गाडी अशीच थरथरून राहिली आहे त्यांना एवढं सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. गाडी नागपुरात घेतली असली तरी तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही इथं राहता. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे, मुदत दोन वर्षं. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आयोगाला आहे. फोन करायचा तर १९१५. पण हे सगळं उभं राहतं जॉबकार्डवर. तिथं 'गाडीत आवाज' असं त्यांना लिहू देऊ नका. वेग लिहा, जागा लिहा, थरथर सीटला की स्टिअरिंगला ते लिहा, किती प्रवासी होते ते लिहा, आणि सल्लागाराला शेजारी बसवून हमरस्त्यावर त्या वेगापर्यंत न्या. तो आला नाही तर 'आला नाही' हेही लिहा.

राज्याच्या २०२५ च्या धोरणानं इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धीवर टोलमाफी जाहीर केली, चांगलं झालं. लोक त्या गाड्या घेऊन ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर १२० नं जाणार. त्याच रस्त्यावर टायर फुटून माणसं गेली, तेव्हा परिवहन खात्यानं टायर तपासायला सुरुवात केली. जुन्या गाडीचा झिजलेला टायर अडवता, तर दहा महिने यार्डात बसलेला नवा टायर विकायच्या आधी कुणी का तपासत नाही? नवी गाडी हातात देण्याआधीच्या तपासणीचा कागद असतो. त्यावर टायरचे चार आकडे आणि हवेचा दाब लिहिलेला हवा, आणि ग्राहकाला ती प्रत मिळायला हवी. मला मिळालेल्या कागदावर टायरपुढे फक्त टिक होती.

चौथ्यांदा गेलो तेव्हा जॉबकार्ड मी स्वतः सांगून लिहून घेतलं. 'मागील डावा टायर, वीतभर सपाट, ९० ते १०० वेगात बैठकीला थरथर, टायर बदलल्यावर थरथर नाही.' सल्लागारानं वाचलं, थोडा थांबला आणि सही केली. टायर कंपनीचा माणूस अजून आलेला नाही, अकरा दिवस झाले. टायर आमच्या ओसरीवर आहे, वरून ताडपत्री टाकली आहे, खडूची रेघ पुसली जाऊ नये म्हणून.